अलीकडचं गाव, पलीकडचं गाव

माझ्या माहेरी ओढ्याकाठी, देवळाच्या मागे, कोरीव दगड उभे आहेत. माझ्या कमरेएवढे उंच. सगळ्यांत खालच्या पट्टीत लढाई चाललेली असते आणि तिच्या कडेला गाई उभ्या असतात. त्याच्या वर एक माणूस आडवा पडलेला. त्याच्याही वर दोन बायका त्याला हाताला धरून नेतात, आणि अगदी वर तो पिंडीसमोर हात जोडून बसलेला. माथ्यावर चंद्र-सूर्य. आमची चौथीपर्यंतची शाळा त्या देवळातच भरायची. मी फारशी कुणात मिसळत नसे, म्हणून मधल्या सुट्टीत त्या दगडांपाशी जाऊन बसायची.

गावातले लोक अमावस्येला त्यांना तेल घालत, पण ती माणसं कोण, हे कुणाला सांगता येत नसे. वडिलांना विचारलं तर म्हणाले, "गाई वळवून नेत हुतं कुणीतरी. ह्यो आडवा गेला, मेला. एवढंच."

"महाराजांच्या वेळचं का?"

"छे. लई आधीचं. तवा म्हाराजबी न्हवतं आन् बंदूकबी न्हवती."

एवढंच मला त्या काळाबद्दल कळलं. पुढे कधी जास्त कळलं नाही. त्या दगडांवरची माणसं केसांचा बुचडा बांधतात, त्यांच्या ढाली तळहाताएवढ्या असतात, तलवारी लांब आणि सरळ असतात, आणि ती गाईंसाठी मरतात. बाकीचं मी मनाने रचलं.

लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा आमची मंगळवार पेठेत एका बोळात दोन खोल्यांची जागा होती. माझे मालक उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डिंगला जायचे. सकाळी डबा घेऊन जायचे ते अंधार पडल्यावर काळ्या तोंडाने यायचे, आंघोळ करून जेवायचे आणि झोपायचे. वाईट नव्हते. बोलायला त्यांच्यात काही उरलेलं नसायचं. मूलबाळ झालं नाही. दुपारी भांडी घासून झाली की बोळात इतकी शांतता व्हायची की लांबच्या गिरणीची टुकटुक घरात ऐकू यायची. मला शेजारी जाऊन बसायला जमत नसे. दारात जाऊन उभी राहायची आणि काय बोलावं ते न सुचून परत यायची.

अशाच एका दुपारी कुंभार गल्लीतून चिखलाचा गोळा मागून आणला आणि दगडावरची माणसं करायला बसले. बोटाएवढी माणसं. खराट्याच्या काडीच्या तलवारी, अर्ध्या चिंचोक्याच्या ढाली. गाईंना बाभळीच्या काट्यांची शिंगं लावली. भुश्शाची शेगडी विझत आली की तिच्या धगीवर माणसं भाजायची, मग गेरू, चुना, हळद आणि काजळाने रंगवायची. बरीच तडकायची. तडकलेली मी टाकत नसे. दगडावरही एक माणूस आडवा असतोच.

माणसं झाल्यावर त्यांना गाव लागलं. पाटावर दोन गावं वसवली, मध्ये निळीच्या पाण्याने रंगवलेला ओढा. नावं सुचली नाहीत, म्हणून अलीकडचं गाव आणि पलीकडचं गाव. साल नाही, राजा नाही. अलीकडच्यांकडे गाई जास्त, पलीकडच्यांकडे घोडी. पलीकडच्यांचं तळं आटलं होतं, म्हणून ते चांगली माणसं असूनही चोरी करत. हे मी ठरवलं होतं, नाहीतर लढाईला कारण राहिलं नसतं.

खेळ असा होता. कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितकी माणसं पुढं सरकतील. दोन माणसं भिडली की पुन्हा कवड्या. मी अलीकडून एक डाव खेळायची, मग उठून पाटाच्या पलीकडे जाऊन बसायची आणि त्यांचा डाव खेळायची. बसायची जागा बदलली तरी मनात काय आहे ते दोन्हीकडे ठाऊकच असायचं. पलीकडच्यांनी कुठल्या वाटेने यायचं ठरवलंय, हे अलीकडच्यांना कधीच नवीन नसायचं. कवड्यांमुळे थोडं काही अनपेक्षित व्हायचं, तेवढंच. दुसरं कुणीतरी समोर असावं, एवढंच मला वाटायचं. कुणाला सांगणार?

एका दिवाळीत पोरं बोळात किल्ले करायला लागली तेव्हा मीही धीर करून उंबऱ्याबाहेर माती रचली, अळीव पेरला आणि माझी दोन्ही गावं बाहेर मांडली. पोरं जमली.

"काकू, म्हाराज कुठं हाईत?" एकाने विचारलं.

"नाहीत."

"म्हाराजांबिगर किल्ला?"

"किल्ला नाही तो. गाव आहे."

"मग तोफा?"

"नाहीत."

"मग हाय काय ह्यात?"

"गाई हाईत की," दुसरा म्हणाला. "डेअरी हाय ती."

सगळी हसली. समोरच्या घरातली बाई म्हणाली, "किल्ल्यावर म्हाराज नसणं बरं न्हवं बाई, घराला." मी आत निघून गेले. पीठ मळायला घेतलं, पण कान बाहेर होते. तेव्हा शेजारच्या भाभींचा आवाज आला. त्यांचे मालक कल्हई लावायचे, भाभी भाता हलवायच्या आणि बोळात सगळ्यांशी मोठ्याने बोलायच्या.

"अरं लेकांनो, ह्यांचं म्हाराज अजून जन्माला यायचं हाईत. तवर ही माणसं आपल्या गाई आपणच राखत्यात. व्हय का न्हाय ओ, वैनी?"

"व्हय," मी आतून म्हटलं. भाभींशी मी बोललेला तो पहिला शब्द.

दुसऱ्या दिवशी त्या येऊन पाटाच्या पलीकडे बसल्या. कसं खेळायचं ते मी सांगितलं. पहिल्याच डावाला भांडण. सरकायचं ते वितीने मोजायचं ठरलं होतं, आणि भाभींची वीत माझ्या वितीच्या दीडपट.

"देवानं हात दिल्यात त्याला मी काय करू?" त्या म्हणाल्या.

"मग माझी माणसं मरणार सगळी."

"मरू द्या की. चिखल लई हाय."

शेवटी त्यांनी हातातलं एक हिरवं काकण उतरवलं. एका डावात किती काकणं सरकायचं, ते ठरलं. ते काकण पाटावरच राहिलं.

मग दुपारी त्या यायच्या. भाभी फार जपून खेळत. पलीकडचं गाव त्यांचं, पण गाई चोरायला त्यांचा जीव धजत नसे. "त्यांचीबी पोरंबाळं असतील," म्हणायच्या आणि घोडी ओढ्याच्या काठाकाठाने फिरवत बसायच्या. मी चिडायची. माझ्या गाईंना राखण लावून ठेवलेली, आणि चोर येतच नाही. तरी त्या घोडं कुठे नेतील ते मला माहीत नसायचं. हातात पीठ असो, कपडे असोत, मनात तेच चालायचं. त्या वर्षांत मी घरात एकटी आहे असं मला वाटलं नाही.

पुढे घरोघरी स्टीलची भांडी आली. पितळी पातेली माळ्यावर गेली आणि कल्हईला कुणी बोलवेना. भाभींचे दीर कबनूरला यंत्रमागावर होते, त्यांनी बोलावून घेतलं. सामान टेंपोत चढत होतं आणि भाभी माझ्या पाटासमोर उकिडव्या बसल्या होत्या.

"लढाई अर्धी ऱ्हायली," मी म्हटलं.

"ऱ्हाती कशी? आमच्या वळखीचं कापडवालं चाचा हाईत. आठवड्याला कोल्हापूरला येत्यात. त्यांच्याजवळ निरोप देते. माझ्या कवड्याबी तुम्हीच टाका. तुम्ही खोटं टाकायच्या न्हाय, मला ठाव हाय." काकण उचलायला गेले तर म्हणाल्या, "असू द्या. मापाला लागंल."

चाचा सायकलवर कापडाचं गाठोडं बांधून यायचे. पंचे, परकराचं कापड, चादरी. आवाज असा की दोन बोळ पलीकडे ऐकू जावा. पहिल्यांदा आले आणि दारातून ओरडले, "ताई, भाभीनी सांगितलंय, घोडी दोन काकणं वढ्याकडं सरकवा."

बोळातल्या बायका बाहेर आल्या. "कुणाची घोडी ओ?"

मी लाजेने मरून गेले. चाचांना आत बोलावून चहा दिला आणि हळू सांगायला सांगितलं. त्यांना हळू बोलताच येत नव्हतं. मी माझा डाव सांगायची, कोण कुठे उभं आहे ते सांगायची. ते डोळे मिटून ऐकायचे, एकदा म्हणून दाखवायचे आणि जायचे. पाट आतल्या खोलीत असायचा. त्यांनी तो कधी बघितला नाही. पुढच्या आठवड्याला निरोप यायचा. मी आत जाऊन घोडी सरकवायची, भाभींच्या कवड्या टाकायची, आणि पाटाच्या पलीकडच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणायची, "बघा, तीनच पडल्या."

पावसाळा गेला आणि भाभींचा खेळ बदलला. एकदा निरोप आला, "घोडी जोडीनं सोडा, मधल्या गाई आडवा, मागं बघू नगा." मी चाचांना दोनदा विचारलं, असंच म्हणाल्या का? "असंच म्हणाल्या. रागात हुत्या." माझ्या चार गाई गेल्या. राखणीचा माणूस पडला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी दिवसभर एकटीच हसत होते. कबनूरच्या पाण्याने भाभींना धीट केलं, असं वाटलं. त्यानंतर त्या ओढा ओलांडून आल्या, माझ्या गावाला आग लावायची धमकी दिली, एकदा माघार घेतल्याचं सोंगही केलं. असं खेळायला इतकी वर्षं माझ्यासमोर बसल्या असत्या तर, असं मनात येई.

मालकांच्या भाच्याचं लग्न इचलकरंजीला होतं. कबनूर तिथून लागूनच. मी मालकांना म्हटलं, भाभींना भेटून यायचंय. मी कधी काही मागत नसे, म्हणून असेल, ते लगेच म्हणाले, "चल, सोडतो." भाभींचा एक घोडेस्वार माझ्या तावडीत सापडला होता. तो जुन्या फडक्यात गुंडाळून घेतला. परत द्यायचा, आणि समोरासमोर बसून एक डाव खेळायचा.

त्यांच्या बोळात शिरायच्या आधीच मागांचा आवाज अंगावर आला. घरातच माग. भाभी कांड्या भरायच्या मशीनवर बसल्या होत्या. केसांत कापूस. मला बघून उठल्या, गळ्यात पडल्या, पण हात सूत सोडत नव्हते.

"बसा, वैनी. कवा आलासा?"

मी काहीतरी बोलले.

"आँ? मोठ्यानं बोला. आता कमी ऐकू येतंय मला."

माझा आवाज मुळातच लहान. त्या खडखडाटात तो माझा मलाच ऐकू येईना. मी फडकं सोडून घोडेस्वार त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट केला आणि जरा वेळाने त्यांना आठवलं.

"आगं बाई. हे अजून हाय?"

"तुमच्या घोड्यांनी ओढा ओलांडला," मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं.

"कुठल्या घोड्यांनी?"

मी त्यांच्या हातातल्या घोडेस्वाराकडे बोट दाखवलं.

"तुम्ही अजून खेळतासा व्हय?" भाभी हसल्या. तेच जुनं हसू. "मला कुठली सवड, वैनी. चार-सहा खेपा निरोप दिला, मग चाचास्नी म्हटलं, वैनीस्नी सांगा, भाभी आता खेळत न्हाय, राग मानू नगा. सांगितलं न्हाय त्यांनी?"

"सांगितलं," मी म्हटलं. ते त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून मान हलवली.

त्यांनी चहा पाजला, जेवायचा आग्रह केला. घोडेस्वार खिडकीत कांड्यांच्या डब्याशेजारी ठेवला. निघताना परत मागावा असं वाटलं, पण मागितला नाही. एसटीत मालकांनी विचारलं, "झाली भेट?" झाली, म्हटलं. खिडकीबाहेर ऊस होता. ओढा कुणी ओलांडला, सोंग कुणी केलं, ते मी एकेक आठवत होते. त्यातलं भाभींचं कुठवर होतं आणि चाचांचं कुठून सुरू झालं, ते आता मला कळत होतं. मधल्या गाईंपासून.

घरी येऊन पाट भिंतीला लावून ठेवावा असं ठरवलं होतं. लावला नाही.

चाचा नेहमीच्या वारी आले. सायकल भिंतीला टेकवली, पण दारातून ओरडले नाहीत.

"कबनूरला आलतासा म्हणं."

"आले होते."

"भाभी भेटल्या?"

"भेटल्या. कामात होत्या."

ते गाठोड्याची गाठ सोडायला लागले, मग पुन्हा बांधायला लागले. मी चहा टाकला. कप त्यांच्यापुढे ठेवून आत गेले आणि पाट उचलून बाहेरच्या खोलीत आणून मांडला. काकण त्यावरच होतं. चाचा कप हातात धरून बराच वेळ बघत राहिले. मग बोट लांबवून, न लावता, ओढ्यावरून फिरवलं.

"वढा एवढाच हाय व्हय? मी लई मोठा धरून चाललोतो."

"मोठाच आहे तो," मी म्हटलं.

"आन् ह्यो आडवा पडलाय त्यो?"

"राखणीचा. मधल्या गाईंच्या वेळचा."

त्यांनी मान खाली घातली. चहाचा घोट घेतला. बोळात कुणीतरी धुणं आपटत होतं. मी माझ्या बाजूला, अलीकडे, बसले. कवड्या मधोमध ठेवल्या.

"भाभींचा डाव आहे," मी म्हटलं.

चाचांनी माझ्याकडे बघितलं नाही. पाटाच्या पलीकडे सरकून बसले, गुडघ्यांवर हात ठेवले.

"भाभीनी सांगितलंय," ते हळू आवाजात म्हणाले, आणि कुठलं घोडं सोडावं ते बघत बसले.

मी थांबले.