चढावर तापलेली जीप आणि घरचं पाणी

गाडी चढावर तापली तर तिच्यावर चिडू नये, तिला हात लावून विचारावं, असं आमचे हे म्हणायचे. माणसांवर मात्र खुशाल चिडायचे. मीही काही कमी नव्हते. आमचं भांडण सुरू झालं की शेजारीण ऐकायला म्हणून टीव्हीचा आवाज कमी करायची.

आमचं गाव भातकुली तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी खारट, बोअरचं त्याहून खारट. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही. नळाचा काही भरवसा नाही, आला तर आला. मी नांदगाव खंडेश्वरकडची, गोड्या पाण्याची. लग्न होऊन आले तेव्हा इथल्या पाण्याचा पहिला घोट तोंडातून बाहेर आला होता. सासू म्हणाली, "राहू दे, पडन सवय." पडली. इतकी पडली की पुढे माहेरचं पाणी मला फिक्कं लागायला लागलं. आमच्या गावाला तर आपल्या पाण्याचा अभिमानच आहे बाप्पा! परगावी निघालं की ह्यांच्यासोबत घरच्या विहिरीच्या पाण्याची कॅन असायचीच. त्यातलंच स्वतः प्यायचे, त्यातलंच जीपच्या रेडिएटरमध्ये ओतायचे. "घरची गाडी हाय, घरचंच पानी पेईन," म्हणायचे.

ह्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. गेट, खिडक्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचे. मग पाय सुजायला लागले, अन्नावरची वासना गेली, आणि अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या आहेत. डायलिसिस सुरू झालं. डायलिसिसपेक्षा वाईट होतं ते पाण्याचं बंधन. वऱ्हाडातला मे महिना, आणि धट्ट्याकट्ट्या माणसाला दिवसभरात एक लहानसा गडवा पाणी. कूलरसमोर बसून ते जिभेवर बर्फाचा खडा ठेवायचे आणि म्हणायचे, "अवं, चिखलदऱ्याले आता थंडी असन नं? एक रात गोधडी पांघरून झोपलो असतो." तेवढीच इच्छा. दुसरं काही मागितलं नाही त्या माणसानं.

लॉजवर जाऊ म्हटलं तर नाही म्हणाले. मधेच उलट्या व्हायच्या, त्याची लाज वाटायची. "लोकाइच्या खाटेवर नाही ओकत मी." मग स्वतःच एक डब्बा बनवायला घेतला. दोन चाकांवर पत्र्याची खोली, आत पलंग, दोन्ही बाजूंना खिडक्या, जीपच्या मागे जोडून न्यायची. थकले की मी स्टूल द्यायची, स्टुलावर बसून वेल्डिंग करायचे. गावातले लोक येऊन विचारायचे, "सर्कस काढून राहिले का?" जीप आधीच म्हातारी, तिच्यामागे हा डब्बा. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! पण मी बोलले नाही. ते काम करत असताना आजारी दिसायचे नाहीत.

एक डायलिसिस झालं आणि दुसऱ्याच्या आत परत येऊ अशा बेतानं आम्ही निघालो. परतवाड्यापर्यंत काही नाही. इंजिनच्या गरमीचा काटा मधोमध. धामणगाव गढी मागे पडलं, घाट लागला, आणि काटा वर सरकायला लागला. ह्यांनी खालचा गिअर टाकला, मग म्हणाले, "हीटर लाव."

"मे महिन्यात हीटर? डोकं फिरलं काय तुमचं?"

"इंजिनची गरमी आत येते, त्याले तेवढंच बरं वाटते. लाव म्हटलं नं."

त्या हीटरला वऱ्हाडात कोणी कधी हात लावला असेल तर शपथ. लावला. घामानं लुगडं अंगाला चिकटलं, मी ह्यांना, जीपला आणि घाटाला एकाच दमात शिव्या घातल्या. काटा थोडा खाली आला आणि पुढच्या वळणावर पुन्हा चढला. शेवटी त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि बोनेट उघडलं.

मी झाकणाकडे हात नेला तसे हे केवढ्यानं ओरडले! गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. आम्ही सावलीत बसून राहिलो. मग ते एकेक पाहू लागले. पट्टा ताठ आहे, पंखा फिरतो, समोरच्या जाळीत कचरा नाही, पाणी थोडंसंच कमी. कॅनमधलं घरचं पाणी ओतलं. मग रेडिएटरवर त्यांनी तळहात ठेवला, जसा तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि हळूहळू खाली नेला.

"इथं चटका बसते. अन् इथं पाह्य, गार. पानी आतून फिरूनच नाही राहिलं. कुठीतरी गच्च झालं हाय."

"डब्बा इथंच सोडू आणि जीप घेऊन वर जाऊ," मी म्हटलं.

"डब्ब्यात झोपाले तं चाल्लो होतो," ते म्हणाले. वर घाटाकडे बराच वेळ पाहत राहिले. मग आम्ही डब्बा वळवून खाली आलो.

अकोल्याच्या जुन्या शहरात रेडिएटरवाले एक चाचा होते, ह्यांच्या जुन्या ओळखीचे. पुढच्या मोकळ्या दिवशी डब्बा घरी ठेवून आम्ही जीप तिकडे नेली. चाचांनी रेडिएटर काढला, वरची टाकी उघडली आणि उलटा करून ठोकला. पांढरे खपले पडले, चुन्याच्या पापुद्र्यासारखे. आतल्या बारीक नळ्या अर्ध्याहून जास्त बुजलेल्या.

"पानी कोनतं टाकता भाऊ?"

"घरचं."

"खारा पानी. सपाट रस्त्यानं इंजिन सांभाळून घेते, मालूमच नाही पडत. चढ आला, मागं वजन आलं, की मंग बोंबलते."

ह्यांनी एक खपला उचलून तळहातावर घेतला. मला म्हणाले, "अवं, डाक्टरनं बी पह्यले हेच इचारलं होतं. पानी कोनतं पेता म्हने." चाचांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "हा नाही साफ होनार. नवा बसवून देतो."

"आपल्याले बी भेटते का असा नवा?" हे हसून म्हणाले.

"भेटते," मी म्हटलं. "माह्यापाशी दोन हायेत. एक घ्या."

मी थट्टा केली नव्हती. अमरावतीला जाऊन सगळ्या तपासण्या करून घेतल्या. मनात पक्कं होतं, आपली किडनी जुळणार, हे बरे होणार आणि पुढच्या मेमध्ये आम्ही दोघं गोधडी घेऊन चिखलदऱ्याला जाणार. डॉक्टरांनी कागद पाहिले आणि म्हणाले, तुमची घेता येणार नाही, तुमच्याही किडन्यांवर परिणाम दिसतो आहे, तुम्हीच आता जपा. मी डॉक्टरांशी भांडले. म्हटलं, मला तर काही होत नाही, मी धुणं धुते, पोतं उचलते. ते म्हणाले, अजून होत नाही. मला हे ऐकायचं नव्हतं. माझ्या अंगात दोन असून त्यातली एकही ह्यांच्या कामाची नाही, याचा इतका संताप आला की मी बाहेर येऊन भिंतीवर हात आपटला.

हे बाकावर बसले होते. ओरडले नाहीत. मला ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात होते आणि अंगणातून कटरचा आवाज आला. बाहेर येऊन पाहते तर हे डब्ब्यातला पलंग कापत होते.

"अवो, काय करून राहिले? जीप दुरुस्त झाली. या हप्त्यात जाऊ म्हटलं होतं नं!"

"ड्रम बसवतो इथं. तुह्या माहेरच्या विहिरीचं पानी आनाले."

"मले नाही पायजे पानी! आधी घाट चढू, मंग काय कापाचं ते कापा."

"घाट कुठी पळून चालला?" ते म्हणाले. "तुयावाल्या किडन्या अजून बुजल्या नाहीत पुऱ्या. आजपासून ह्या घरचं पानी बंद."

मी रडले, भांडले, जेवले नाही. पालथ्या घड्यावर पाणी. दर वेळी हे डायलिसिसहून आले की एक दिवस पडून राहायचे आणि थोडा जीव आला की नांदगावकडे निघायचे. ड्रम भरून आणायचे. जाताना मला बाजूला बसवायचे आणि हळूहळू मला चाकामागे बसवायला लागले. "क्लच सोड. काटा पाहात जाय. झाकन गरम असलं तं हात लावू नको." मी चुकले की ओरडायचे. ते ओरडले की मला बरं वाटायचं. ते स्वतः त्या पाण्यातलं त्यांच्या वाट्याचं गडवाभरच प्यायचे. मी त्यांच्यासमोर पेला भरून प्यावा असा त्यांचा हट्ट होता. तहानलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर घटाघट पाणी पिणं काय असतं ते मला विचारा. मी संपवीपर्यंत ते पेल्याकडे पाहत बसायचे.

पुढचा मे त्यांना दिसला नाही. थंडी संपता संपता गेले.

आता जीप मीच चालवते. डब्बा जोडते, माहेरी जाते, भाऊ ड्रम भरून देतो. वाटेत एक लहानसा चढ आहे, घाट कसला, टेकाडच. भरलेल्या ड्रमांनिशी तिथं येते तेव्हा मी काट्याकडे पाहते. मधोमध असतो, जागचा हलत नाही. चिखलदऱ्याला आरामात चढली असती ही जीप.

घरी आले की आधी एक पेला भरते आणि त्यांच्या खुर्चीसमोर बसून पिते. माहेरचं पाणी, पण अजून मला फिक्कंच लागतं. संपवते.