मामांनी तहसीलदारांना बोलावलं तेव्हा

नांदेडला मी भाजी घेत होते तेव्हा मामेभावाचा फोन आला. "अप्पा गेले, ताई. सकाळी चहा घेतला, अन् बसल्या जागीच..." रेणापूरजवळच्या आमच्या गावी पोचेपर्यंत बसमध्ये मला रडू आलं नाही. सारखं वाटत राहिलं, मामांशी चाललेला एक वाद अर्धा राहिला, आणि आता तो मिटवायला समोर कुणीच नाही. त्याला महिना उलटून गेला, तरी अजून तसंच वाटतं.

शिवलिंगअप्पा हे माझ्या आईचे थोरले भाऊ, एके काळचे गावचे सरपंच. लातूर वेगळा जिल्हा व्हावा म्हणून त्यांनी किती मोर्चे काढले असतील! तेव्हा साध्या कामालाही उस्मानाबाद गाठावं लागे. साहेब भेटला नाही की परत खेटा. आपलं दुखणं आपल्या दारात कळलं पाहिजे, असं मामा म्हणत. नवा जिल्हा झाला तेव्हा त्यांनी गावभर पेढे वाटले, आणि लगेच म्हणू लागले, आता लातूरकडं तरी कशाला बघायचं? गावाचं गावानंच ठरवावं.

मग काही वर्षांनी दुष्काळ पडला. गावच्या तलावात थोडं पाणी उरलं होतं. खालच्या अंगाला वाडी, आमच्याच ग्रामपंचायतीतली. तिथली विहीर आटली. वाडीच्या बाया घागरी घेऊन तलावावर आल्या, तर गावातल्या गड्यांनी त्यांना माघारी लावलं. मामांनी ग्रामसभा बोलावली. मी तेव्हा कॉलेजच्या सुट्टीत आले होते, देवळाच्या पारावर बायांत बसून ऐकत होते. माणसं समोरासमोर बसली की न्याय होतो, अशी मामांची खात्री होती. झालं उलटंच. वाडीला पाणी द्यायचं नाही, म्हणून भराभर हात वर झाले. वाडीची माणसं मूठभर, त्यांचे हात कितीसे दिसणार? तिथली एक म्हातारी तेवढी उठून उभी राहिली. "अप्पा, उस्मानाबादचा साहेब लई दूर व्हता, त्याला आमी दिसत नव्हतो. तुमास्नी तर दिसून राहिलोत न्हवं?"

त्या दिवशी मामा जेवले नाहीत. सकाळच्या पहिल्या गाडीनं लातूरला गेले आणि ज्यांनी गावाच्या कारभारात बोट घालू नये असं ते जन्मभर सांगत आले, त्या तहसीलदारांना स्वतः घेऊन आले. तलावावर पोलीस उभे राहिले. वाडीला पाणी मिळालं, आणि गाव मामांशी बोलेनासं झालं.

पुढचा उन्हाळा आणखी कडक होता. तलावाचं पाणी लातूर शहरासाठी राखून ठेवल्याचा हुकूम वरून आला. मामा बांधावर जाऊन आडवे उभे राहिले. आलेला अधिकारी सौम्यपणे म्हणाला, गेल्या साली तुम्हीच बोलावलं होतं ना आम्हाला... मागं सगळं गाव उभं होतं, पण मामांच्या बाजूनं कुणी तोंड उघडलं नाही. पाणी गेलं. गाव आणि वाडी एकाच टँकरपुढं रांगेत उभी राहिली. पुढच्या निवडणुकीत मामा पडले.

आमचा वाद याच्यावरच. मी म्हणायची, ग्रामसभा पुन्हा बोलवायची, परत परत बोलवायची, गाव वळलं असतं. ते विचारत, तवर वाडीनं काय प्यावं? मग तहसीलदारांना बोलावलं ते बरोबरच होतं ना, असं मी म्हटलं की ते उठून बाहेर जात. शेवटच्या भेटीत मात्र उठले नाहीत. "बरोबर म्हणावं तर बांधावरचा दिवस आठवतो. चूक म्हणावं तर ती म्हातारी. तू शिकलेली हाइस, तू सांग."

परवा मामींना भेटायला गेले. ओसरीवर गावची आणि वाडीची माणसं जमली होती. वाडीला आता स्वतंत्र ग्रामपंचायत हवी आहे, गावाला ते मान्य नाही. आवाज चढत होते. मधोमध मामांची लोखंडी खुर्ची रिकामी होती, आणि गंमत अशी, की दोन्हीकडची माणसं एकमेकांकडं न बघता त्या खुर्चीकडं बघूनच बोलत होती. मामी दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"हे असते," त्या मला हळूच म्हणाल्या, "तर दोघांशीबी भांडले असते."