तिसऱ्या रांगेतला राक्षस

बोलण्यापूर्वी ते दोन्ही हातांची बोटं जुळवून चौकोन करायचे, एक डोळा मिटून त्या चौकोनातून समोरच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "आतली गोष्ट सांगतो. बाहेर बोलू नका." बाहेर म्हणजे कुठे, ते आम्हाला कधी कळलं नाही. कारण ती गोष्ट आमच्या आधी कचेरीच्या शिपायाला, दारातल्या टांगेवाल्याला आणि पुढची तारीख घेऊन परत चाललेल्या एखाद्या गरीब पक्षकारालाही सांगून झालेली असायची.

ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत ते आणि मी दोघं कारकून. ते माझ्याहून बरेच मोठे, आधी कापडाच्या दुकानात नोकरी करून मग सरकारात आलेले, टेबल शेजारी. राहायला डोंबिवलीत एकाच चाळीत. म्हणजे सकाळी विहिरीवर, दिवसा कचेरीत आणि संध्याकाळी ओट्यावर, असा त्यांचा अखंड सहवास सरकार आणि चाळीची मालकीण यांनी मिळून मला बहाल केला होता. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. झेंडा बदलला होता, फायली त्याच होत्या. त्यामुळे गोष्टी ऐकायला वेळ भरपूर.

गोष्टी सगळ्या सिनेमाच्या. पडद्यावर जे दिसतं ते सोडून बाकी सर्व काही त्यांना ठाऊक होतं. त्यातही एका जुन्या पौराणिक बोलपटावर त्यांचा विशेष जीव.

"त्यातला देवाने उचललेला डोंगर आठवतो? बांबू आणि गोणपाट. अंगणात पडून होता, तेवढ्यात आत एक कोंबडी खुडूक बसली. देवाने डोंगर उचलला आणि कोंबडी फडफडत भक्तांच्या अंगावर."

"मग?"

"मग भक्त पळाले. धडा काय? डोंगर उचलण्याआधी आतून पोकळ आहे ना, ते बघून घ्यावं."

धडा काढल्याशिवाय त्यांची गोष्ट संपत नसे, आणि धडा ते आचरणातही आणत. साहेबांनी फायलींचा गठ्ठा पाठवला की ते त्यावर टिचकी मारत, कान लावत, "भरीव आहे," असं म्हणत आणि गठ्ठा माझ्या टेबलावर सरकवत.

त्याच बोलपटातले महर्षी म्हणे दाढीआड विडी ओढायचे. एकदा उजवी बाजू जळली. दुसरी दाढी आणायला सिनेमा कंपनीची तयारी नव्हती. "म्हणून ते पुढे शेवटपर्यंत एकाच अंगाने उभे राहून शाप देतात. धडा काय? मोठ्या माणसाची एकच बाजू बघावी." हे ते आमच्या हेडक्लार्कांकडे बघत म्हणायचे, आणि हेडक्लार्कांना ते आवडायचं नाही, कारण त्यांच्या दोन्ही बाजू आम्ही रोज बघत होतो.

"पण तुम्हाला एवढं कसं माहीत?" असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं. "मी होतो ना त्यात! राक्षसांची तिसरी रांग, डावीकडून दुसरा. मिशा माझ्या स्वतःच्या."

तुम्ही त्यांना पाहायला हवं होतं. सदऱ्यावरून बरगड्या मोजाव्यात अशी छाती आणि पालीला भिऊन खुर्चीवर चढणारा हा पुरुष. असा राक्षस मारणाऱ्या देवाचं कौतुक करावं की त्याची कीव करावी, यावर आमच्यात दुपारच्या चहाला चर्चा चाले.

त्यांची बायको अगदी उलट. वहिनी कमी बोलायच्या, सिनेमाला तर कधीच जायच्या नाहीत. गळा मात्र विलक्षण. शनिवारी दुपारी चाळीतल्या बायकांचं भजन त्यांच्या खोलीत असे. "याला म्हणतात घरंदाजपणा," असं माझी आई म्हणायची, आणि नवऱ्याकडे बघून पुढे म्हणायची, "बिचारी."

अशात तो बोलपट ठाण्याच्या थिएटरात रविवार सकाळच्या खेळाला लागला. हेडक्लार्कांनी लगेच फर्मान काढलं, सगळ्यांनी सहकुटुंब जायचं आणि राक्षस ओळखायचा. आमच्या गृहस्थांचा चेहरा पडला. "प्रिंट फार खराब आहे हो," ते म्हणाले. मग म्हणाले, "आवाज नीट येत नाही." मग म्हणाले, "बोलपट तरी काय, टाकाऊच." ज्या बोलपटावर ते आजवर जगले, तो एका दुपारी टाकाऊ झाला. साहजिकच आमची खात्री पटली की थाप पकडली गेली. अशा वेळी सहकाऱ्यांना होणारा आनंद फार निर्मळ असतो. एरवी कधी चहा न पाजणाऱ्या माणसांनीसुद्धा उत्साहाने पदरचे पैसे घालून तिकिटं काढली.

ते एकटेच आले. वहिनींना बरं नाही म्हणाले. आमच्या पुढच्या रांगेत ते ताठ बसले.

राक्षस आले, गेले, मेले. तिसरी रांग आम्ही डोळे फाडून पाहिली. डावीकडून दुसरा एक पैलवान होता. मागून हेडक्लार्कांचं खोकणं ऐकू आलं. ते हसायचं असलं की खोकत. मग बागेतला प्रसंग सुरू झाला. राजकन्येच्या मागून एक सखी पुढे आली, झोपाळ्याची दोरी धरून गाऊ लागली, आणि आईने माझं मनगट घट्ट धरलं.

"अरे, ही तर आपली..."

नाव घ्यायची गरज नव्हती. सोळा-सतरा वर्षांच्या, केसांत फुलं माळलेल्या, उघड्या दंडांच्या वहिनी पडद्यावर भिंतीएवढ्या दिसत होत्या. तो गळा आम्ही दर शनिवारी ऐकत होतो. मागच्या दोन रांगांत कुजबूज पसरली. पुढच्या रांगेतली मान हलली नाही.

मध्यंतरात हेडक्लार्क पुढे सरकले. "आमचे राक्षस काही दिसले नाहीत बुवा. सखी मात्र ओळखीची वाटली."

ते उभे राहिले. हातांचा चौकोन नाही, धडा नाही.

"वाटली नाही, आहेच. माझी बायको आहे. लग्नाआधी कंपनीत होती. गळा तिचा स्वतःचा. पुढे लग्नाच्या प्रसंगात तिची आणखी एक ओळ आहे, तेवढी नीट ऐका."

आणि खाली बसले. त्या ओळीच्या वेळी थिएटरात आमच्यातलं कुणी खोकलं नाही.

चाळीत मात्र बातमी आमच्या आधी पोचली. पुढच्या शनिवारी भजनी मंडळाला त्या खोलीतली हवा एकाएकी मानवेना. कुणाचे गुडघे दुखू लागले, कुणाकडे पाहुणे आले. ज्या बायकांनी वर्षानुवर्षं त्यांच्याकडून चाली उचलल्या, त्या विहिरीवर त्यांना बघून घागर अर्धी असतानाच उचलू लागल्या. हळदीकुंकवाचं बोलावणं त्यांचं दार चुकवून पुढे गेलं. घरंदाजपणाचे नियम असे सोपे असतात. कचेरीत गृहस्थांनी गोष्टी सांगणं सोडलं. साहेबांचे गठ्ठे निमूट स्वतःच उपसू लागले.

हे सगळं मोडलं ते मालकिणीने. आगरी बाई, साठीच्या पुढची. तिच्याच भातशेतावर आमची चाळ उभी होती, आणि हे ती कुणाला विसरू देत नसे. एका शनिवारी ती सरळ वहिनींच्या दारात येऊन बसली आणि साऱ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी सुनांना घेऊन ठान्याला जाऊन बगून आयलू. काय गला गो तुजा, कवरा गोर, साकरेवानी!" मग अंगणाकडे वळून, "न् तुमी गो? भजन कनाला बंद केलंव? देवाला हिचा गाना चालतं, तुमाना नाय चालं?"

भाडं थकलेल्या घरांतल्या बायका प्रथम आल्या. बाकीच्या मागोमाग. गुडघे बरे झाले, पाहुणे गेले. माझी आई सगळ्यांत पुढे जाऊन बसली आणि "मी कधीच काही म्हटलं नव्हतं," हे तिने न विचारता सांगितलं.

मालकिणीने भजन नको म्हटलं. "झोपाल्याचा गाना म्हन."

वहिनींनी खूप आढेवेढे घेतले. मग दार उघडं ठेवून, भर दुपारी, त्यांनी ते गाणं म्हटलं. शनिवार असल्याने आम्ही लवकर परतलो होतो. गृहस्थ अंगणात थबकले. माझ्या दंडावर हात ठेवून त्यांनी मलाही थांबवलं, आणि गाणं संपेपर्यंत आम्ही दोघं उन्हात उभे राहिलो.

आत गेल्यावर मालकिणीने त्यांना पकडलं. "न् तू रे? तू कनचा राकस व्हतास?"

"कुठलाच नाही, मावशी. मी कंपनीच्या आत पाऊलसुद्धा टाकलेलं नाही."

"मंग ह्या गोस्टी?"

"हिच्या. स्वयंपाक करताना सांगायची. एवढ्या चांगल्या गोष्टी चार भिंतींत ठेवायच्या? आणि हिचं नाव घेऊन सांगितल्या असत्या तर काय झालं असतं, ते आता बघितलंच."

"कोंबडी बाहेर आलीच नव्हती," वहिनी हळूच म्हणाल्या. "ती आतच बसून राहिली. ह्यांनी उगाच भक्तांना पळवलं."

त्या दिवशी बायका पदर तोंडाला लावून हसल्या, आणि पुढच्या शनिवारपासून भजन पूर्वीसारखं सुरू झालं.

काही वर्षांनी त्यांची कल्याणला बदली झाली, बिऱ्हाडही तिकडे गेलं. तिथेच ते न्यूमोनियाने वारले. मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी एकट्याच होत्या. मी गृहस्थांच्या गोष्टींबद्दल काहीबाही बोललो.

"एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही," त्या म्हणाल्या. "तो बोलपट त्यांनी त्या रविवारीच पहिल्यांदा पाहिला. बघू नका, अशी मीच गळ घातली होती. घरी आले, टोपीसुद्धा काढली नाही. मला वाटलं, आता बोलतील, चारचौघांत शोभा झाली म्हणून. तर विचारतात, 'गाताना मध्येच तू कुणाकडे बघून हसलीस?'"

"कुणाकडे?" मला राहवलं नाही.

"बाग कंपनीच्या कुंपणालगतच मांडली होती. बाहेर कापडाच्या दुकानातला एक नोकर आला होता, कंपनीचं कापड घेऊन. पहारेकरी आत सोडत नव्हता. डोक्यावर एवढा मोठा गठ्ठा, तो खाली ठेवायचंही भान नाही, तसाच उभा राहून गाणं ऐकत होता. मला हसू आलं. तेव्हा त्याचं नावही ठाऊक नव्हतं, लग्न तर दूरच. तसं मी त्यांना सांगितलं."

"मग?"

"मग टोपी काढली, जेवायला बसले," वहिनी म्हणाल्या, "आणि भात दोनदा मागून घेतला."