साहेब, खाली उतरा

कापसाच्या तेजीचं साल होतं. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत रिकामी गाडी सापडत नव्हती. माह्या घरात उंबऱ्यापर्यंत कापूस भरलेला. तितक्यात तहसीलदाराचा चपराशी आला, आन जिल्ह्याच्या साहेबाच्या दौऱ्यासाठी माही गाडी अन् बैल वेठीले घेऊन गेला. पांढऱ्या बैलाचा खांदा सुजला होता. मी म्हनलं, "याले जुपू नका, मरन हा." ऐकते कोन!

दुसऱ्या दिवशी अकोल्याची कचेरी गाठली. तहसीलदार म्हने, "हा मुलकी हुकूम आहे. तक्रार असेल तर दुपारी फौजदारीत अर्ज दे." मले बरं वाटलं. हुकूम देनारा एक, न्याव करनारा दुसरा, चांगलं हाये. अर्ज लिहून घेतला, निंबाखाली भाकर खाल्ली, पुकारा झाला तसा आत गेलो. बापा! तोच मानूस, तीच खुर्ची. फक्त मेजावरचा कागदांचा बस्ता बदलला होता.

आमच्या गावची रीत अशी का गाऱ्हानं ज्याच्यावर, तो पंच असला तरी पारावरून खाली उतरून बसते. माहा बाप पंच होता. शेताच्या धुऱ्याच्या, म्हंजे बांधाच्या भांडनात त्याचंच नाव आलं, तवा तोही मुकाट्यानं उतरला होता. मले वाटलं, सरकारातही असंच असन. हात जोडून म्हनलं, "साहेब, खाली उतरा. गाऱ्हानं तुमच्यावर हाये."

सारी कचेरी हासली. तहसीलदार हासला नाही. त्यानं अर्ज फेटाळला आन बेअदबी केली म्हनून मले संध्याकाळपर्यंत कोठडीत डांबलं. हुकूम त्याचा, न्याव त्याचा, कोठडीही त्याचीच! असा संताप आला का भिंतीवर डोकं आपटावं. कुंपनच शेत खाऊन राहिलं, तं सांगावं कोनाले?

सुटताना कारकून हळूच म्हने, "वर अपील कर, जिल्ह्याच्या साहेबाकडे." दोन दिवस पायी चालून मी साहेबाचा तळ गाठला. तंबूपुढं माहीच गाडी उभी होती, रिकामी. पांढरा बैल जुवापाशी आडवा पडला होता, खांदा सोलून निघालेला. मी अर्ज कमरेले खोचला आन त्याच्या अंगावरच्या माश्या हाकलत बसलो. त्यानं डोळे उघडलेच नाही.

साहेबाचा चपराशी आला. म्हने, "चल, साहेब खुर्चीवर बसले. गाऱ्हानं कोनावर हाये?"

मी तंबूत पाह्यलं. ती खुर्ची माह्याच बैलानं वाहून आनली होती.