शुगर लँडमधली हाळी

आमची नात दीपा टीव्हीवर गाण्यात जिंकली तेव्हा मी अमेरिकेत मुलाच्या घरी सोफ्यावर पाय वर घेऊन बसलो होतो. आनंदानं उठलो तर धोतर टेबलाच्या कोपऱ्यात अडकलं. पण ते राहू दे. मी सातवी पास माणूस, एक सांगायला बसतो आणि दहा सांगून उठतो. आधी हाळीचं सांगतो.

आमच्या गावी, पाडळीला, शेतातल्या माणसाला जेवायला बोलवायचं तर बाई बांधावर उभी राहते, कानाशी हात नेते आणि हाळी देते. आमच्या हिची हाळी तीन शेतं ओलांडायची. "अवोऽऽ, या जेवायलाऽऽ!" शेवटी तिचा आवाज मोडायचा आणि एकदम वर उडायचा, दगडामागून टिटवी उठावी तसा. मी मुद्दाम पहिल्या हाळीला जात नसे. दुसरी ऐकायला मिळावी म्हणून.

बहात्तर साली आमची ही दीपाला सांभाळायला अमेरिकेत शुगर लँडला आली. मुलगा मोहन तेलकंपनीत, सून शोभा हॉस्पिटलात. पहिल्याच संध्याकाळी हिनं मागच्या अंगणातून दीपाला हाळी दिली. शेजारची जोनबाई झाडांना पाणी घालता घालता नळी टाकून पळाली आणि तिनं पोलीस बोलावले. पोलीस आला, त्याला हिनं शिरा खाऊ घातला. पुढं तीच जोनबाई रोज कुंपणापाशी खुर्ची टाकून हाळीची वाट बघायची. चार वर्षांची दीपा हाळीला उलटी हाळी द्यायची.

तीन वर्षांनी ही गावी परतली. पोर मोठी झाली आणि गिटार घेऊन इकडची खेड्यातली गाणी गाऊ लागली. घोडे, ट्रक, वाळलेलं गवत, निघून गेलेली माणसं. मला शब्द कळत नसत, विषय ओळखीचे वाटत.

"मेडिकलला कोण जाणार?" मोहन विचारायचा.

"तुझ्या आईला विचार," शोभा म्हणायची. "बी त्यांनी पेरलंय."

शहाऐंशी साली दीपा टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत उतरली. मी डोळ्याच्या ऑपरेशनला आलो होतो, जानेवारीत परतायचं होतं. हिचं हृदय अधू, डॉक्टरांनी विमान बंद केलेलं. पण दर आठवड्याला पोर पुढं जाई, आणि दर आठवड्याला मी गावी पत्र टाकी, "एवढं बघून येतो." असा मे उजाडला.

फायनलला दीपानं दोन कडव्यांच्या मध्ये गिटार सोडली, कानाशी हात नेला आणि हाळी दिली. शब्द नाहीत, नुसता तो मोडून उडणारा आवाज. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. परीक्षकांनी विचारलं, हे कुठं शिकलीस? ती म्हणाली, "माझी आजी आजोबांना असं जेवायला बोलावते." सारी अमेरिका हसली. माझ्या डोळ्यांना धार लागली.

मग काय! नॅशव्हिलचं, म्हणजे या गाण्यांच्या पंढरीचं, बोलावणं आलं, रेकॉर्ड ठरली, हायवेवरच्या मोठ्या फलकावर हॅट घातलेली आमची दीपा. तिला मात्र एकच ध्यास.

"आजोबा, आजीनं हे ऐकलं पाहिजे. ऑडिओ कॅसेट पाठवू या ना. गावी श्रीरंगकाकाकडे टेपरेकॉर्डर आहे."

"छे! व्हिडिओ पाठवू. गाव बघू दे की तुझी हॅट!"

"पण आजीला नीट दिसत कुठं?"

"तिला नाही, तर गावाला दिसेल," मी म्हणालो.

शोभानं टीव्हीवरून भरून घेतलेली टेप काढली. ओळखीच्या सुलभाकाकू पुण्याला निघाल्या होत्या, त्यांच्याबरोबर पाठवली. जूनमध्ये तार आली. ही गेली. तार हाती पडली तोवर तिसरा दिवस झाला होता.

त्यानंतर आठवड्यानं माझ्या पुतण्याचं, श्रीरंगचं पाकीट आलं. पत्र तारेच्या आधीचं.

"तालुक्याहून टीव्ही आणि व्हिडिओ आणला, शाळेत लावला. काकूंना खुर्चीवर उचलून नेलं. चित्र काही लागेना, नुसते पट्टे वर पळत होते. आवाज आला पण जड, लांबलेला, बाप्याचा वाटावा असा. पोरं हसली. काकूंनी सगळ्यांना गप्प केलं आणि शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, पोरीचा घसा पार बसलाय रे, आणि हे मला कुणी सांगितलं नाही. सोबत ज्येष्ठमध पाठवायला सांगितलंय. रात्रभर काळजी करत होत्या."

मोहननं समजावलं, इकडची टेप आपल्याकडच्या मशीनवर धड चालत नाही, हळू फिरते. तो इंजिनिअर, पण टेप पाठवली तेव्हा समुद्रातल्या तेलविहिरीवर होता. त्याला विचारावं एवढंही मला सुचलं नव्हतं. मला हॅट दाखवायची होती.

दीपा नॅशव्हिलहून आली. मी ज्येष्ठमधाची पुडी तिच्या हातात दिली आणि पत्र वाचून दाखवलं. वाटलं, पोर मला बोलेल. पण ती त्यातली एक काडी दाढेखाली धरून मागच्या अंगणात गेली. मी दारात उभा.

तिनं कानाशी हात नेला. पहिली हाळी अर्ध्यातच मोडली, वर काही उडेना. थुंकी गिळून तिनं दुसरी दिली. ती गेली, कुंपण ओलांडून, पार.

शेजारचं दार उघडलं. जोनबाई, आता काठी टेकत, खुर्ची ओढत कुंपणाशी आली. चेहरा उजळलेला. मला विचारू लागली, "आजी परत आली?"

एवढं इंग्रजी मला कळतं. मी पुढं होऊन तिची खुर्ची नीट लावून दिली.