हँडल कोणी मारायचं

कळमन्याजवळच्या आमच्या गॅरेजात एक नियम होता. इंजिनाचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, ज्यानं लावली, इंजिन सुरू करायला पहिलं हँडल त्यानंच मारायचं. ठिणगी वेळेआधी पडली तर हँडल उलटं फिरून मनगट मोडायचं.

त्या दुपारी एका जुन्या पेट्रोल-रॉकेलच्या ट्रॅक्टरचं टायमिंग थोरल्या भावानं लावलं. ठिणगी अजून लवकर हवी, असं मी दोनदा म्हटलं.

"तुले काय समजते?" तो सगळ्यांदेखत म्हणाला.

माझं डोकं सणकलं. तो हात धुवायला गेल्यावर मी ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर त्याच्या खडूच्या खुणेवरून लवकरच्या बाजूला थोडा सरकवला आणि पेट्रोल आणायला आत गेलो. परतलो तेव्हा तो हँडल घालून वाकला होता.

"भाऊ, थांब! मी टायमिंग हलवलं."

"मंग मार तूच."

नियमच होता. अंगठा बोटांच्या बाजूला घेऊन मी जीव खाऊन हिसका दिला. इंजिन एका झटक्यात सुरळीत धडधडलं. मी छाती फुगवून त्याच्याकडे पाहिलं.

"मी ते कवाच माह्या खुणेवर मागं घेतलं होतं," तो म्हणाला. "तू सांगतं का नाही, ते पाहून राहिलो होतो."