ताईंच्या नावाची पाच सेशन्स

मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळायचो. तिथे लॉगिनवर सिस्टिमचं एक मॉड्यूल पहारा करायचं. तेच पासवर्ड तपासायचं, माणूस आत आला की त्याचं सेशन उघडायचं, गेला की बंद करायचं आणि कोण कधी आलं ते लिहून ठेवायचं. मी मोठ्या शहाणपणाने त्यात नियम टाकला, एका नावाने एकच सेशन.

दुसऱ्याच सकाळी वाट लागली. आमच्याकडची पद्धत अशी की सीनियर टेक्निशियन ताई नाहूरहून सगळ्यांच्या आधी यायच्या आणि पाचही टेबलांवर स्वतःच्या नावाने लॉगिन करून ठेवायच्या, देवापुढे दिवा लावावा तसं. बाकीचे चौघे येऊन नुसते बसायचे. आता चार टेबलं बंद, आणि बाहेर उपाशीपोटी आलेली माणसं ताटकळलेली. ताई मालवणकडच्या, सरळ माझ्या खोलीत आल्या.

"मेल्या, तुझो नियम घाल चुलीत. माणसां उभी आसत."

खरं तर प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्यायला हवं होतं. पण कोण करत बसणार? ताईंच्या नावापुढे मी एकाचे पाच केले आणि चहा प्यायला गेलो.

दोन वर्षं सगळं झकास चाललं. मग एका दुपारी एका बाईंचा रिपोर्ट भलत्याच बाईंना गेला. ताई तेव्हा खाली डबा खात होत्या, पण रिपोर्ट सोडल्याची नोंद त्यांच्याच नावाची. साहेबांसमोर त्या म्हणाल्या, "आम्ही सगळेच माझ्या नावावर बसतो." साहेबांनी मला विचारलं, "असं चालतं इथे?"

"मला कल्पना नाही, सर," मी म्हणालो. नोकरी जाईल म्हणून घाबरलो होतो, दुसरं काही नाही. आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

संध्याकाळी त्यांना काढलं. पर्स खांद्याला लावून त्या माझ्या दारात आल्या. मला वाटलं, शिव्या घालतील.

"माझा नाव बंद कर आधी," त्या म्हणाल्या. "नायतर उद्या पण मीच चुकतलंय."

त्या गेल्यावर मी त्यांची पाचही सेशन्स तोडली आणि चौघांना चार वेगळी लॉगिन्स करून दिली. सगळं मिळून वीस मिनिटं लागली.